सुट्टीच्या दिवसांत आजारपण आलं, तर जायचं कुठे?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट उठता उठता विचारतो, "डॉक्टर, यंदा किती दिवस बंद?" मी सांगतो, लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यातही थोड्याफार फरकाने असंच असतं. फॅमिली डॉक्टर गावाला, लॅबमध्ये रक्त घेणारा मुलगा गावाला, सोनोग्राफी सेंटरला कुलूप, आणि कोपऱ्यावरचं मेडिकल अर्धा दिवस उघडं. नेमकी याच दिवसांत थंडी पडू लागते. फटाक्यांचा धूर, तळलेला फराळ, जागरणं, लांबचा प्रवास हे सगळं एकदम अंगावर येतं.

सुट्टीत मला येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. काही जण साध्या सर्दी-तापासाठी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन बसलेले असतात आणि "तीन तास झाले, कोणी बघत नाही" अशी तक्रार करतात. दुसरे लोक गंभीर त्रास होत असूनही घरीच थांबतात. सणासुदीला दवाखान्याची पायरी कशाला चढायची, सगळे जमलेत तर त्यांचा विरस कशाला करायचा, सुट्टीत चांगले डॉक्टर कुठे असणार, अशी त्यांची कारणं असतात. पहिल्या प्रकारात वेळ आणि पैसा जातो. दुसऱ्या प्रकारात काय जातं, ते एका उदाहरणावरून सांगतो.

पाडव्याच्या दिवशीची ॲसिडिटी

माझे एक जुने पेशंट आहेत. निवृत्त शिक्षक, वय बासष्ट, दहा वर्षांपासून मधुमेह. एका पाडव्याला दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. सकाळपासून चकल्या आणि चिवडा झाला होता, त्यामुळे ही ॲसिडिटीच, असं घरात सगळ्यांचं एकमत झालं. मेडिकलमधून ॲसिडिटीचं औषध आणलं. थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखू लागलं. रात्री नऊ वाजता त्यांच्या मुलीने मला फोन केला. "बाबांना घाम फुटलाय, डावा खांदा जड झालाय." मी तिला सांगितलं की हार्ट ॲटॅक असू शकतो, आता या क्षणी निघा, आणि जिथे रात्रीसुद्धा अँजिओप्लास्टी होते अशाच ठिकाणी जा.

ते लगेच निघालेही. पण रात्री अँजिओप्लास्टी कुठे होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वाटेत नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पहिल्या नर्सिंग होममध्ये सुट्टीमुळे नवीन पेशंट घेत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी ईसीजी काढला, ॲटॅक आहे हे कळलं, पण तिथे कॅथलॅब नव्हती. तिसऱ्या ठिकाणी अँजिओप्लास्टी झाली. सर वाचले. मात्र हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निकामी झाला होता. आज ते एक जिना चढले की थांबतात. पूर्वी सर रोज सकाळी टेकडी चढून यायचे.

रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. म्हणून हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी आणि साधारण दीड तासात अँजिओप्लास्टी व्हावी, असं उद्दिष्ट ठेवलेलं असतं. अँजिओप्लास्टीची सोय जवळ नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं. सरांच्या बाबतीत पाच तास घरात गेले आणि दोन तासांहून जास्त रस्त्यावर. रस्त्यावरचे दोन तास तरी आधी माहिती असती तर वाचले असते. म्हणून हा लेख सणाच्या आधी लिहितो आहे.

ताबडतोब हॉस्पिटल: इथे विचार करत बसू नका

पुढीलपैकी काहीही असेल, तर फॅमिली डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट पाहू नका:

- छातीत दाब किंवा जळजळ काही मिनिटांत न थांबणं, सोबत घाम, धाप, हात किंवा जबडा दुखणं. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही नुसती धाप किंवा विलक्षण थकवा असू शकतो.
- तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावाच लागतो. म्हणून सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या ठिकाणीच जा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवा.
- पंप घेऊनही दमा आटोक्यात न येणं, एक वाक्य सलग बोलता न येणं.
- तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप.
- लहान मुलाची छाती श्वास घेताना आत ओढली जाणं, मूल दूध-पाणी न घेणं, सुस्त पडणं.
- फिट येणं, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव, डोळ्याला फटाक्याची इजा, चेहऱ्याचं, हाताच्या पंज्याचं किंवा मोठं भाजणं.

अशा वेळी १०८ वर फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे, मोफत आहे, सणाच्या दिवशीही चालू असते आणि या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ हा क्रमांक आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून किंवा स्वतःच गाडी चालवू देऊन पाठवू नका.

पैसे किंवा पोलीस केस यांमुळे तातडीचे उपचार अडतील का, अशी भीती अनेकांना असते. जीव वाचवणारे प्राथमिक उपचार आधी आणि कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे. हे बंधन सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना आहे.

आजच दाखवायचं, पण कॅज्युअल्टी नको

दोन-तीन दिवसांचा ताप, कान दुखणं, लघवीला जळजळ, उलट्या-जुलाब पण पेशंट पाणी पितोय, पाय मुरगळणं. यासाठी उघडा असलेला कुठलाही जनरल प्रॅक्टिशनर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा महापालिकेचा दवाखाना पुरतो. बहुतेक डॉक्टर सुट्टीत एकमेकांचे पेशंट बघतात. तुमच्या डॉक्टरांच्या दारावरची पाटी वाचा, बदली डॉक्टरांचा नंबर तिथे असतो. नसेल तर सुट्टी लागण्याआधी विचारून घ्या. फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला घेणंही २०२० पासून नियमांत बसतं. सरकारच्या ई-संजीवनीवर असा सल्ला मोफत मिळतो.

कॅज्युअल्टीत नंबराप्रमाणे बघत नाहीत, गंभीर पेशंट आधी बघतात. तुम्हाला तीन तास बसवलं, तर तुमचा आजार थांबू शकण्याइतका सौम्य आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. सुट्टीत तिथे मनुष्यबळ कमी असतं. तुमच्या सर्दीमागे शिक्षकांसारखा कुणी येऊन थांबलेला असू शकतो.

एक अपवाद लक्षात ठेवा: कुत्रा चावला तर "सुट्टी संपली की बघू" चालत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती सरकारी रुग्णालयांत मिळते.

मेडिकलवर काय मागावं, काय मागू नये

पॅरासिटामॉल, ओआरएस, ॲसिडिटीचं साधं औषध, बँडेज इतपत ठीक. ओआरएस म्हणजे एक लिटर पाण्यात मिसळायची पुडी. खोक्यातलं गोड पेय ओआरएसच्या जागी देऊ नका. "कालच्यासारखाच ताप आहे, तीच ॲन्टिबायोटिक द्या" असं मात्र मागू नका.

दिवाळीच्या सुमारास डेंग्यूचे पेशंट असतातच. त्यामुळे तापात अंगदुखीची 'स्ट्राँग' गोळी म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयरोगासाठी ॲस्पिरिन रोज चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका.) आणखी एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस असतो. ताप गेला, पण पोटात खूप दुखतंय, सारख्या उलट्या होताहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस गळून गेलाय, तर त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.

घरीच करायचं

फुलबाजीने बोट भाजलं, तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतलं काहीही लावू नका. डोळ्यात काही उडालं तर चोळू नका, दाबू नका. साधी सर्दी, घसा खवखवणं, एखादा जुलाब यासाठी विश्रांती आणि भरपूर पाणी पुरतं. दम्याच्या पेशंटने धुरात बाहेर जाणं टाळावं आणि पंप खिशात ठेवावा.

सुट्टीआधीची पंधरा मिनिटं

वसुबारसेच्या आधी एवढं करून ठेवा. गावाला जाणार असाल, तर जिथे जाताय तिथलीही माहिती घ्या.

१. रोजच्या गोळ्या दहा दिवस पुरतील इतक्या आणा. बीपी, इन्सुलिन, फिटची औषधं आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

२. डायलिसिस असेल तर सेंटरचं सुट्टीतलं वेळापत्रक विचारा.

३. दोन फोन करा. रात्री अँजिओप्लास्टी कुठे होते आणि सीटी स्कॅन चोवीस तास कुठे चालू असतो, ते विचारा. लहान मुलं असतील तर मुलांचं हॉस्पिटल कोणतं चालू आहे, तेही.

४. जुना ईसीजी, औषधांची यादी, ॲलर्जी, विम्याचं कार्ड एका फाईलमध्ये ठेवा. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवा.

५. हे सगळे नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे पाहुण्यांना आणि आजी-आजोबांनाही दिसतील.

आणि घरातल्या मोठ्या माणसांना एक गोष्ट मुद्दाम सांगा: सणाच्या दिवशी दुखणं सांगितलं म्हणून कुणाचाही विरस होत नाही. बरेच जण मुलांचा आनंद जाऊ नये म्हणून गप्प बसतात आणि ते रात्री उशिरा कळतं. दुपारी चार वाजता दुखलं तर चार वाजताच सांगा.

दिवाळीच्या शुभेच्छा. फराळ बेताने करा, गोळ्या वेळेवर घ्या.