मरोळचा पाऊस, पाषाणचे गणित

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून मरोळ नाक्याला उतरले की प्रथम डोळ्यांत भरते ती वर्दळ. डोक्यावरून २०१४ साली सुरू झालेली मेट्रो धावते, जमिनीखालून नवी भुयारी मेट्रो जाते, आणि या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर टेम्पो, रिक्षा व हातगाड्यांची रोजची ओढाताण चाललेली असते. उत्तरेकडे मरोळ-मरोशी रस्ता आरेच्या हिरव्या टापूकडे वळतो. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि सीप्झ. हिरे व दागिन्यांच्या निर्यात व्यवसायातील कितीतरी कुटुंबांची मिळकत या सीप्झशी बांधलेली आहे. त्याच सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत. म्हणजे मरोळ हे काल वसलेले उपनगर नव्हे. शेती, विहिरी आणि ओढे असलेले हे साष्टीतील जुने गाव आहे.

या गावाचा ओढा अजून वाहतो. त्याचे नाव मिठी. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि १८९१ चा पवई तलाव पावसाळ्यात भरून वाहू लागले की त्यांचे पाणी मिठीला मिळते. आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ही नदी माहीमच्या खाडीत जाते. वर्षातील आठ महिने ती नाल्यासारखी दिसते आणि बहुतेक लोक तिला नाला म्हणूनच ओळखतात. ती नदी आहे, हे तिने २६ जुलै २००५ रोजी सर्वांच्या लक्षात आणून दिले.

त्या दिवशी सकाळी साडेआठपासून पुढील चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. संपूर्ण जुलै महिन्यात सरासरीने जेवढा पाऊस पडतो, तेवढा एका दिवसात पडला. मरोळच्या वरच्या अंगाला विहार तलावाच्या परिसरात तर १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. खाली समुद्राला भरती, वर तलाव ओसंडलेले. पाण्याला जायला वाट उरली नाही. साकीनाक्याजवळ दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. शहरात शेकडो माणसे दगावली. मिठीकाठच्या गाळ्यांतील आणि गोदामांतील माल पाण्याखाली गेला, हिशेबाच्या वह्यांचा लगदा झाला.

मात्र त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेलेला पाऊस होता अवघा ७३ मिलिमीटर. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यात अंतर सुमारे २५ किलोमीटर. एकाच शहराचे एक टोक बुडाले आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस गेला. मुंबईवर अतिवृष्टी होईल एवढे सांगणे एक गोष्ट. ती कुलाब्याला होईल की मरोळला, हे सांगणे दुसरी. जगातील हवामानशास्त्र गेली शंभर वर्षे या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी मरोळहून पुण्याकडे वळावे लागते.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढे येणारा पाऊस यांचा संबंध जोडून पावसाळ्याचे दीर्घकालीन अंदाज देण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशीच्या नोंदी जमवून प्रशांत महासागरावरील हवेचा दाब आणि भारताचा पाऊस यांच्यातील नाते शोधले. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ साली पुण्यातच उष्णप्रदेशीय हवामानाच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. आज ती भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था म्हणून पाषाण येथे उभी आहे. २००९ मध्ये तेथे हवामानबदल संशोधन केंद्र स्थापन झाले आणि संपूर्ण पृथ्वीचे हवामान संगणकावर मांडणारे भारताचे स्वतःचे प्रारूप तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले.

असे प्रारूप म्हणजे काय, हे व्यापारी घरातील वाचकाला समजणे अवघड नाही. पृथ्वी ही एक पेढी आहे असे मानावे. सूर्याकडून येणारी ऊर्जा ही जमा, पृथ्वी अवकाशात परत सोडते ती उष्णता ही नावे. दोन्ही बाजू जुळत असतील तर तापमान स्थिर राहते. कोळसा व तेल जाळल्याने हवेत वाढलेला कार्बन वायू नावेची बाजू थोडी अडवून धरतो. शिल्लक वाढत जाते, आणि ही शिल्लक म्हणजेच समुद्रात व हवेत साठलेली उष्णता. एवढा ताळेबंद सोपा आहे. अवघड आहे तो शाखांचा हिशेब. शास्त्रज्ञ पृथ्वीभोवतीच्या हवेचे आणि समुद्राचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाला आपले खाते असते. त्यात तापमान, वारा, दाब, बाष्प यांच्या नोंदी. शेजारच्या चौकोनातून किती हवा आली, किती गेली, किती बाष्पाचे पाणी झाले, हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी मांडले जाते. एका क्षणाची अखेरची शिल्लक ती पुढच्या क्षणाची आरंभीची शिल्लक. अशी कोट्यवधी खाती पावलापावलाने पुढे नेत शंभर वर्षांचा हिशेब लिहिला जातो.

ही कल्पना लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने १९२२ साली ग्रंथरूपाने मांडली. संगणक नसल्याने त्याने सारे गणित हाताने केले आणि त्याचे उत्तर साफ चुकले; पद्धत मात्र टिकली. १९५६ मध्ये अमेरिकेत नॉर्मन फिलिप्स यांनी संगणकावर वातावरणाचे पहिले प्रारूप चालवून दाखवले. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी कार्बन वायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. या कार्याबद्दल मानाबे यांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आज अमेरिकेत प्रिन्स्टन व बोल्डर, इंग्लंडमध्ये एक्सेटर, जर्मनीत हॅम्बुर्ग अशा ठिकाणच्या संस्था आपापली प्रारूपे चालवतात आणि १९९५ पासून चालत आलेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ती सर्व एकमेकांशी ताडून पाहिली जातात. अगोदर १८५० पासूनचा गतकाळ प्रत्येक प्रारूपाने स्वतः मांडून दाखवायचा. जुन्या वर्षांचा हिशेब प्रत्यक्ष नोंदींशी जुळला, तरच पुढील वर्षांच्या अंदाजावर काही भरवसा. या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत पाषाणच्या संस्थेचे प्रारूप सहभागी झाले. दक्षिण आशियातून गेलेले ते पहिलेच.

या सहभागाचे मोल केवळ अभिमानापुरते नाही. परदेशी प्रारूपांपैकी अनेकांना भारताचा पावसाळा नीट मांडता येत नसे. कित्येकांत भारतीय भूमीवर प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पडत असे. ज्यांचा संसार पावसावर चालतो, त्यांनी त्याचा हिशेब स्वतः ठेवावा हे रास्तच होते. २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या कामाचा निष्कर्ष वाचावयास मिळतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्याचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज सुमारे ६ टक्क्यांनी घटली. गंगेचे मैदान आणि पश्चिम घाट येथे ही घट विशेष होती. मात्र पाषाणच्याच रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. म्हणजे बेरीज कमी, पण एकेक रक्कम मोठी. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ते बाष्प पडते तेव्हा एकदम पडते.

येथे मरोळचा माणूस साहजिकच विचारील की याचा आमच्या गल्लीला काय उपयोग. प्रश्न योग्य आहे आणि उत्तर प्रांजळ असले पाहिजे. शतकभराचा हिशेब मांडणाऱ्या पाषाणच्या प्रारूपात वातावरणाचा एक चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा आहे. मुंबई आणि पुणे दोन्ही त्या एका चौकोनात मावतात. तेथे कुलाबा आणि सांताक्रूझ यांत भेदच नाही. मिठी तर दिसतच नाही. असे प्रारूप अमुक वर्षी मरोळ बुडेल असे सांगत नाही, आणि कोणी त्याच्या नावाने तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते एवढेच सांगते की २६ जुलैसारख्या दिवसांकडे आता शंभर वर्षांतला अपवाद म्हणून पाहता येणार नाही.

गल्लीपर्यंत पोहोचण्यासाठी चौकोन लहान करावे लागतात आणि त्याला प्रचंड गणनशक्ती लागते. २०१८ मध्ये पाषाणला ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, २०२४ मध्ये त्याहून कितीतरी वेगवान ‘अर्क’. दोन्ही नावे सूर्याशी नाते सांगणारी. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या रोजच्या अंदाजाच्या प्रणालीत चौकोन ६ किलोमीटरवर आला. त्या मापाने कुलाबा आणि मरोळ आता वेगळ्या खात्यांत पडतात. तरीही गडगडाटी ढग कधी त्याहून लहान असतो. म्हणून गणिताला डोळ्यांची जोड लागते.

ते डोळे मरोळच्या आसपासच आहेत. २००५ साली मुंबईत डॉपलर रडार नव्हते. आज कुलाब्याच्या रडारखेरीज अंधेरी पूर्वेला वेरावली येथे दुसरे रडार आहे. १४ जानेवारी २०२२ रोजी ते सेवेत आले. महापालिकेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यांपैकी एक मरोळच्या अग्निशमन केंद्रावर आहे. मुसळधार पावसाच्या दिवशी बातम्यांत ‘मरोळ अग्निशमन केंद्र’ या नावापुढे जो आकडा दिसतो, तो तेथला. जून २०२० मध्ये पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी ‘आयफ्लोज मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली सुरू केली. पावसाचा अंदाज, पर्जन्यमापकांच्या नोंदी, नद्या-नाल्यांची रचना आणि समुद्राची भरती यांची एकत्र आकडेमोड करून कोणत्या विभागात किती पाणी साचेल हे सांगण्याचा तिचा प्रयत्न आहे. पलीकडे पवईला आयआयटीतील हवामान अभ्यास केंद्रही याच प्रश्नावर काम करते आणि पाणी कोठे तुंबले याच्या नागरिकांनी कळवलेल्या नोंदीही उपयोगात आणते.

इतके होऊनही एक बाजू कोणताही महासंगणक सांभाळू शकत नाही. पूर येतो तो पाऊस आणि वाट या दोन गोष्टींच्या हिशेबाने. पावसाचा आकडा पाषाणहून येईल. पाण्याची वाट मात्र मरोळकरांच्या हाती आहे. मिठीच्या पात्रात टाकलेला राडारोडा, नाल्यावर वाढवलेला गाळा, तळमजल्यावर जमिनीला टेकवून रचलेला माल, या नोंदी कोणत्याही प्रारूपात आपोआप येत नाहीत. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने २००५ च्या पुरानंतर नदीची अडवलेली वाट आणि अपुरी निचरा व्यवस्था यांवर बोट ठेवले होते.

जुन्या पेढ्यांवर माल नेहमी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवीत आणि चोपड्या सर्वांत वरच्या फडताळात. त्या पिढीला कार्बन वायूचे गणित ठाऊक नव्हते, पण पावसाळ्याची भीड होती. आजच्या व्यापाऱ्याने त्या वीतेचे दोन हात करावेत, विम्याच्या कागदात पुराची जोखीम स्पष्ट लिहिली आहे का ते जूनपूर्वी वाचून घ्यावे, हिशेबाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि इशारा आला की गोदामातील कामगारांना वेळेवर घरी सोडावे. २००५ साली असंख्य माणसे अडकली ती घरी परतण्याच्या वाटेवर.

पावसाळ्यात मरोळ-मरोशी रस्त्यावरून आरेकडे जाताना एखाद्या पुलावर क्षणभर थांबावे. खाली गढूळ पाणी विहार आणि पवईची खबर घेऊन खाडीकडे निघालेले असते. त्याच वेळी अग्निशमन केंद्रावरचे छोटे यंत्र पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस मोजून पुढे पाठवीत असते. पुलाखालची पातळी काठाला लागण्यापूर्वी तो आकडा गल्लीतील दुकानदाराच्या हातातील फोनवर यावा आणि त्याने वेळीच गाळा बंद करावा, यासाठीच हे सारे गणित मांडले जात आहे.