पाचव्या मिनिटाचा दोष

बंद पडलेले यंत्र निदान आपण बंद आहोत एवढे तरी सांगते. परंतु जे यंत्र चालू असल्यासारखे दिसत जुनाच आकडा पडद्यावर धरून बसते, त्याच्या भरवशावर रसायनाच्या रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाला केवढा धोका असतो, हे तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मला समक्ष पाहावयास मिळाले. पालघरला राहून बोईसरच्या कारखान्यांतील छोट्या संगणकांवर लिनक्स बसवून देण्याचे काम मी करतो, आणि तेथील तापमान नोंदविणारा बोर्ड त्यांपैकीच एक होता.

"साहेब, लाइट जाऊन आली की हा हँग होतो," फोरमन म्हणाले. "काटा वर चढतो, आणि ह्याचा आकडा जागचा हलत नाही."

रिअ‍ॅक्टरवरील काट्याचा जुना तापमापक शाबूत होता, म्हणूनच ही विसंगती त्यांच्या ध्यानी आली होती.

"काका, लाइट आल्या आल्या, की थोड्या वेळाने?"

"आल्या आल्या नाही. चहा येईपर्यंत चांगला चालतो."

त्या पावसाळ्यात वीज वारंवार जाई, त्यामुळे तिच्या धक्क्याने बोर्ड बिघडतो असा सर्वांचा ग्रह झाला होता, व वीजपुरवठ्याचा संच बदलण्याची दरखास्तही तयार होती. मी मात्र आधी लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, लॉग पाहिला; त्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी बूट झाल्यापासूनचे सेकंद छापलेले असतात. आकडा गोठण्यापूर्वीची अखेरची नोंद दर वेळी ३०० व्या सेकंदाच्या आसपास थांबलेली, आणि तिच्या अगोदर एखाद्या सेन्सरने उत्तर द्यावयास विलंब लावलेला, असे आढळले. विजेचा धक्का घड्याळ लावून येत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये उमरोळी मागे पडेपर्यंत मी सेन्सरच्या ड्रायव्हरचा मजकूर उघडून कालगणनेच्याच ओळी शोधीत होतो.

कर्नल आपला काळ 'जिफीज' नावाच्या गणकात मोजतो. त्या बोर्डावर सेकंदाला १०० टिक पडत आणि गणक ३२ बिटांचा होता; म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ टिकांनंतर, सुमारे ४९७ दिवसांत, तो भरून पुन्हा शून्यावर यावयाचा. एवढा काळ कोणी चाचणी घेत बसत नाही. लिनक्सच्या कर्त्यांनी त्यावर योजलेला उपाय मला फार थोर वाटतो: गणक शून्यापासून न चालविता, उलटण्यास ३०० सेकंद उरतील अशा आकड्यापासून त्यांनी तो चालविला, जेणेकरून ४९७ दिवसांनी ओढवणारे संकट प्रत्येक बूटनंतर पाचव्या मिनिटाला, दुरुस्त करणारा समोर असतानाच, उघडे पडावे. हे संकट केवळ कल्पनेतले नव्हे: बोईंग ७८७ विमानाच्या जनित्र-नियंत्रकांतील असाच एक गणक सलग २४८ दिवसांनी भरून विमानाची वीज जाण्याचा संभव आहे, असा इशारा अमेरिकेच्या विमान-प्रशासनाला २०१५ साली द्यावा लागला होता.

दोष बोर्डासोबत आलेल्या सेन्सरच्या ड्रायव्हरात निघाला. पुढील वाचनाची मुदत मुक्रर करून, सर्व सेन्सर वाचण्याची फेरी संपल्यावर, जिफीज त्या मुदतीहून मोठे झाले काय, एवढेच तो पाही. फेरी लांबून मुदत टळली आणि नेमका त्याच अवधीत गणक उलटला, की गणक शून्यापाशी व मुदत चार अब्जांच्या पलीकडे. सबब मुदत अजून यावयाची आहे असे समजून तो पुढील ४९७ दिवसांसाठी स्वस्थ बसे.

दुरुस्ती एका ओळीची होती. ह्या तुलनेसाठी कर्नलमध्ये 'टाइम आफ्टर' हे मॅक्रो पूर्वीपासून आहे. ते दोन संख्यांची वजाबाकी करून केवळ चिन्ह पाहते, म्हणून घड्याळात बारानंतर वाजलेला एक जसा बाराच्या आधीचा ठरत नाही, तसा उलटलेल्या गणकातही मागच्या-पुढच्याचा निवाडा चुकत नाही. मात्र ओळ बदलली म्हणजे दोष गेला असे मी मानीत नाही. एका सेन्सरची तार सोडवून फेरी मुद्दाम लांबविली, जुन्या ड्रायव्हरवर आकडा आधी गोठवून दाखविला, आणि मग नव्यावर पाचवे मिनिट पुनःपुन्हा ओलांडताना फोरमनना शेजारी बसवून घेतले.

दरखास्त दप्तरातून मागे घेण्यात आली. फोरमननी त्यानंतर केलेली मागणी मला माझ्या दुरुस्तीहूनही मोलाची वाटते.

"साहेब, आकडा कधी घेतला ते पण बाजूला लिहा."

आता प्रत्येक तापमानाखाली शेवटच्या वाचनाची वेळ दिसते, आणि ती ३० सेकंदांहून जुनी झाली की अंक लाल होऊन भोंगा वाजतो.