मधल्या सुट्टीतला नळ

वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोर येईल त्याला तो मनातल्या मनात गुण देऊन मोकळा होतो. आम्हीही याला अपवाद नाही. हा हुशार, हा मध्यम, हा अगदीच ढ, अशी वर्गवारी आम्ही जवळजवळ तीस वर्षे केली, आणि ती सहसा चुकत नाही असा आम्हांला अभिमान होता. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी तो अभिमान एका स्वयंपाकीणबाईंनी सहज बोलता बोलता उतरवला.

एका खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेने बक्षीस-समारंभासाठी आम्हांला बोलावले होते. ‘बुद्धीची मशागत’ या विषयावर बोलावयाचे होते. टिपण खिशात होते. आम्ही पोहोचलो तोच मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ओसरीवर मुलांची पंगत बसली. मटकी घातलेल्या पिवळ्या खिचडीच्या वाफा निघत होत्या. वाढण्यापूर्वी गुरुजींनी रीतीप्रमाणे स्वतः घास चाखून पाहिला. दुसरीतल्या एका मुलाने तिसऱ्यांदा ताटली पुढे केली, तेव्हा आम्ही कौतुकाने म्हणालो, “काय बाई, हा पठ्ठ्या मोठा खादाड दिसतो!”

बाई वाढता वाढता म्हणाल्या, “सोमवारी पोरांची भूक मोठीच असते बघा, सर. काल रविवार होता न्हवं?”

आमचे हसू ओठांवरच राहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा एकाएकी डोळ्यांपुढे उभा राहिला.

तो आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. मधल्या सुट्टीत आमचे डबे उघडले की तो उठून अंगणातल्या नळाकडे जाई आणि ओंजळीने पाणी पीत राही. परत येई तो तोंड धुऊन, केस ओले करून. दुपारच्या गणिताच्या तासाला त्याला हमखास डुलकी लागे. मास्तर त्याला ढ म्हणत. आम्ही वर्गाचे मॉनिटर. डुलक्या घेणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम आमचे, आणि त्याचे नाव आम्ही ठळक अक्षरांत लिहीत असू. आमच्या डब्यातली उरलेली पोळी मात्र आम्ही त्याच नळाजवळ गाईसाठी टाकीत असू. तो तेथे उभा असे. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला अभ्यास झेपला नाही, असे सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो, आणि त्या सोमवारपर्यंत तसेच मानीत आलो. तो पाणी का पितो, हा प्रश्न त्या साऱ्या हुशार वर्गात एकालाही पडला नव्हता.

शाळेत जेवण घालण्याची कल्पना काही नवी नव्हे. मद्रास राज्यात कामराजांनी ती १९५६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर राबविली, आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशव्यापी योजना सुरू झाली खरी. परंतु बहुतेक राज्यांत मुलाच्या हाती महिन्याला तीन किलो धान्य देऊन त्याला घरी पाठवीत, आणि ते घरातल्या साऱ्या तोंडांत वाटले जाई. शिजवलेलेच अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तेव्हा कोठे तो घास मुलाच्या मुखी पडू लागला. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी आज रोजचे माप आहे ते असे : १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने.

आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यांत या योजनेची थट्टा पुष्कळ होते. शाळेचा भटारखाना झाला, गुरुजी तांदूळ मोजू लागले, मुले शिकायला नव्हे तर जेवायला येतात! यांतले काही खरेही आहे. गुरुजींवर हिशेबांचा भार पडतो. हयगय झाली तर काय होते, हे २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसले. तेथे विषारी अन्नाने २३ मुले दगावली. गुरुजींनी आधी चाखलेल्या त्या घासाचे मोल तेथे कळते. परंतु मुले जेवायला येतात, हा आक्षेप ज्याचा डबा आई भरून देते त्यालाच सुचतो. संशोधकांना असे आढळले आहे की, हे जेवण पाच वर्षांपर्यंत मिळालेली मुले, ते वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा वाचनात व गणितात सरस ठरतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर असे दाखविले की, ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वाढही कमी खुंटली. एका पिढीची खिचडी दुसऱ्या पिढीच्या हाडांत उतरते, ती ही अशी.

समारंभात आम्ही टिपण खिशातून काढलेच नाही. बुद्धीची मशागत आपण कोणाला शिकवावी, असे वाटले. बक्षिसे दिली, चार शब्द बोललो आणि निघालो.

फाटकाशी जाताना अंगणातला नळ दिसला. आमच्या शाळेतल्यासारखाच, तोटीला फडके गुंडाळलेला. ओसरीवरची खिचडी संपली होती, आणि दुसरीतला तो खादाड पठ्ठ्या तेथे दोघांना ढकलून आधी आपली ताटली धूत होता.