फेब्रुवारीचे तीनशे रुपये

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार मिळाले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि पुढे तोच अंगवळणी पडला. रविवारी इथं मशिनं चालू असतात, वडापावच्या गाड्यांवर गर्दी असते. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही पगाराचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यानं झाडून सगळ्या कामगारांना चार रविवारांचा ओव्हरटाइम लावला आणि चारही गुरुवारी गैरहजर दाखवलं.

आमचं सीएनसीचं छोटं वर्कशॉप आहे, माणसं तीसच्या आसपास. मशिनं नवरा बघतो. बिलं, बँक आणि पगार माझ्याकडे. आधी मस्टर आणि एक्सेलवर काम चालायचं. डेमोला आलेल्या मुलानं लॅपटॉप उघडून ‘मॅम, एक क्लिक में सैलरी’ म्हणून खरोखरच एका क्लिकमध्ये पगार काढून दाखवला. त्या डेमोतले सगळे कर्मचारी मासिक पगाराचे, रविवारी सुट्टी घेणारे आणि उचल न मागणारे होते. अशी माणसं भोसरीत मिळत असती तर एक्सेलसुद्धा पुरलं असतं.

उचल हा प्रकार त्या सॉफ्टवेअरला शेवटपर्यंत कळला नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात, गावाकडे पेरणी असते, वारीला जायचं असतं; कुणी दोन हजार घेतं, कुणी दहा. परतफेड कशी, तर ‘वहिनी, या महिन्यात पाचशेच कापा, पुढच्या महिन्यात बघू.’ सॉफ्टवेअरमध्ये याला ‘लोन’ हा एकच रकाना. त्यात व्याजदर भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, शून्य टाकलं तर लाल अक्षरं येतात, आणि एकदा ठरलेला हप्ता मध्ये बदलता येत नाही. सपोर्टला विचारलं. उत्तर आलं, जुनं लोन ‘क्लोज’ करून नवीन काढा. म्हणजे पाचशे रुपयांसाठी दर महिन्याला प्रत्येकाची कर्जफेड आणि नवं कर्ज! उचलीची वही मी पुन्हा ड्रॉवरमधून काढली, ती अजून टेबलावर आहे.

आता ईएसआयचं. कामगाराकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५. कामगाराचा वाटा पुढच्या पूर्ण रुपयात धरायचा असतो. १८,४५० रुपयांवर १३८ रुपये ३७ पैसे होतात, तिथं १३९ कापायचे. सॉफ्टवेअर १३८ कापायचं. पोर्टलवर चलन १३९ नं बनणार, मग वरचा रुपया कुणाच्या खिशातून? रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण दर महिन्याला पगारपत्रक आणि चलन जुळत नाही आणि तपासणीला आलेला माणूस पहिलं बोट तिथंच ठेवतो.

याहून गंभीर प्रकार जुलैत झाला. आमच्या एका ऑपरेटरचा पगार १९,८००. त्या महिन्यात ऑर्डरचा रेटा होता, त्याचा ओव्हरटाइम भरपूर झाला आणि एकूण रक्कम २१,००० च्या वर गेली. सॉफ्टवेअरनं त्याला परस्पर ईएसआयमधून बाहेर काढलं. पगारपत्रकात कपात शून्य, आणि गडी खूश, कारण हातात जास्त पडले. इथं दोन चुका होत्या. २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरायचा नसतो. वर्गणी कापताना मात्र धरायचा असतो. आणि पगार खरोखर वाढला असता, तरी एप्रिलला जो आत आहे तो सप्टेंबर संपेपर्यंत आतच राहतो. या सहा महिन्यांच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा आजारपणाचा भत्ता ठरतो, त्यासाठी किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. मधले महिने गळले आणि उद्या हा माणूस पाय मोडून घरी बसला, तर त्याच्यासमोर उभं कुणी राहायचं? सपोर्टनं नाही, मी.

सपोर्टचं म्हणाल तर माणसं अतिशय नम्र. इतकी नम्र की राग आला तरी काढता येत नाही. आधी चॅटवर यंत्र बोलतं, ते तीन लेख वाचायला देतं. मग माणूस येतो आणि ‘मॅम, एक बार कैशे क्लियर कर लीजिए’ सांगतो. मग तिकीट तयार होतं. तिकिटावर दर वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, पुन्हा तेच स्क्रीनशॉट पाठवायचे. त्यांचं उत्तर नेमकं गुरुवारी यायचं, तेव्हा आमचं शटर बंद. शुक्रवारी मी उत्तर लिहायची, ते शनिवार-रविवार सुट्टीवर. सोमवारी मेल यायचा, ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्यानं तक्रार ‘रिझॉल्व्ह्ड’ झाली आहे, कृपया आमच्या सेवेला पाच तारे द्या.

ओव्हरटाइमचा मुद्दा समजावताना एका मुलाला मी सहज विचारलं, तुझा स्वतःचा पगार याच सॉफ्टवेअरमधून निघतो का? तो हसला. ‘नाही मॅम, आमचं एचआर दुसरं वापरतं.’ पोरगा प्रामाणिक होता. माझा राग त्याच्यावर नाहीच. त्यानं आयुष्यात कधी मस्टर पाहिलेलं नाही, सात तारखेच्या आत पगार नाही झाला तर कामगार कसे बघतात हे त्याला माहीत नाही, आणि त्याच्यासमोर जो कागद आहे त्यात महाराष्ट्र म्हणजे दोनशे रुपये एवढंच लिहिलेलं आहे.

व्यवसाय कराचे हे दोनशे. इन्स्पेक्शनला असलेली आमची ताई एकदा स्लिप घेऊन आली. ‘वहिनी, हे दोनशे कशाचे? आधी तर कापत नव्हता.’ तिचा पगार २२,४००. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. सॉफ्टवेअरमध्ये जुनी दहा हजारांची मर्यादाच होती. सपोर्टनं सरकारी अधिसूचना मागितली, मी पाठवली. मग तिचं इंग्रजी भाषांतर मागितलं. ग्राहकानं पैसे द्यायचे आणि कायदाही ग्राहकानंच शिकवायचा, असा हा धंदा आहे.

फेब्रुवारीत तर मजाच झाली. हा कर दरमहा २००, फक्त फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. हे आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही अकाउंटंटला झोपेत विचारा. सॉफ्टवेअरनं फेब्रुवारीत २०० च कापले. मी तक्रार टाकली आणि तोवर हातानं शंभर वाढवून पगार केला. तक्रारीची दखल घेतली गेली, आणि मार्चमध्ये ३०० कापले गेले! वर्षाचे झाले २,६००. संविधानाच्या कलम २७६ प्रमाणे हा कर माणशी वर्षाला २,५०० च्या वर घेताच येत नाही. जे राज्य सरकारला जमणार नाही ते आमच्या सॉफ्टवेअरनं करून दाखवलं.

सोडायचं ठरवलं तेव्हा कळलं की जुना डेटा फक्त पीडीएफमध्ये मिळतो. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले. सोडून गेलेल्या कामगारांचंही माणशी शुल्क चालू, कारण त्यांना ‘इनॅक्टिव्ह’ केलं तर त्यांचा शेवटचा हिशेब निघत नाही. सगळी पगारपत्रकं मी बसून पुन्हा एक्सेलमध्ये उतरवली.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. पीएफची फाईल ते मिनिटात बनवायचं, ते काम हातानं करताना डोळे फुटायची वेळ येते. पण तुम्ही असं काही घेणार असाल, तर डेमोला आलेल्या माणसाला चालू महिन्याचा पगार काढू देऊ नका. फेब्रुवारीचा काढायला सांगा. त्यात चोवीस हजार पगाराची एक बाई घाला, ओव्हरटाइमनं एकवीस हजारांवर गेलेला एक ऑपरेटर घाला, पाचशे रुपये उचल कापायची एक नोंद घाला आणि सुट्टी गुरुवारची ठेवा. हे जमलं, तरी वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, महिन्यावर मागा. आणि फोन उचलणाऱ्या एका माणसाचा नंबर करारात लिहून घ्या.