आईच्या पेनची नोंदवही

लोकांच्या उसात खुरपण्यात आईचा जन्म गेला. इंदापूरला आमच्या घरी हंडा उचलताना तिचा मणका पिचला. हाडे ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडचे पेन लिहून दिले. हे हाड नव्याने घडविणारे संप्रेरक. रोज एकदा २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर कातडीखाली टोचायचे.

‘थंड जागी ठेवा’ एवढेच ऐकून मी पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सकाळी औषध गोठलेले! हजारो रुपयांचे पेन फेकावे लागले. मी बी.कॉम., पण सोबतची चिठ्ठी वाचली नव्हती.

आता कचेरीसारखी घरीही नोंदवही आहे. पेन सुरू केल्याची तारीख लिहितो; २८ दिवसांनी औषध उरले तरी ते टाकून देतो. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतो. रोज नवी सुई, टोचून झाली की काढून टाकायची. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून आईला बसवूनच टोचतो.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, “यातलंच मलाबी दे की.” मी हात जोडले. सुई बदलली तरी पेन एकाचेच. शिवाय हाडांचा कर्करोग असलेल्यांना, रेडिएशन घेतलेल्यांना हे औषध देत नाहीत. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

बंधूभगिनींनो, आईने खुरपून आपल्याला अक्षर दिले. ते कचेरीपुरते ठेवू नका. तिच्या औषधाची चिठ्ठी आधी वाचा.