बेरीज बरोबर आहे

बर्फाशी माझा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे कधी गेला नाही. लहानपणी कालाखट्टा, मोठेपणी फ्रीज साफ करताना पायावर पडलेला बर्फाचा तुकडा आणि एकदा दाढ दुखली तेव्हा गालावर धरलेली पुरचुंडी. संपली यादी. घसरण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे. मोरीत, पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात आणि एकदा तर खुद्द बँकेत, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, हातात व्हाउचरांचा गठ्ठा असताना मी घसरलो आहे. त्या वेळी मी घेतलेली गिरकी पाहून आमचे हेडकॅशियर खुर्चीतून उभे राहिले होते. पण गुण कुणी दिले नाहीत.

असा मी आज बर्फावरच्या स्केटिंगबद्दल लिहायला बसलो आहे, त्याला कारण आमची कन्या. ती सातवीत आहे आणि चाकांच्या स्केट्सवर नाचते. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून सिमेंटवर. पडते, गुडघे फोडून घेते, उठते, पुन्हा पडते. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. पहिल्या मुलीपेक्षा किती कमी? दशांश तीन! म्हणजे पूर्ण गुणसुद्धा नाही, गुणाची चिल्लर! आणि ती पहिली आलेली मुलगी मधे एकदा चक्क हात टेकून सावरली होती. मी पाहिलं होतं. माझ्या बायकोनं पाहिलं होतं. भेळवाल्यानंही पाहिलं होतं.

घरी आल्याबरोबर मी कागद घेतला आणि ‘माननीय महोदय’ असं लिहून खाली रेघ मारली.

तक्रारअर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या झोनमध्ये कुणी नाही, हे इथं नम्रपणे नमूद करतो. कारकुनाचा ऑफिसर होण्याच्या परीक्षेत एके वर्षी मी एका गुणानं राहिलो. तेव्हापासून आजवर सात निवेदनं दिली. सातही वेळा उत्तर आलं. उत्तरात बदल फक्त जावक क्रमांकाचा. बाकी मजकूर ठरलेला : ‘आपल्या गुणांची फेरतपासणी केली असता बेरीज बरोबर असल्याचे आढळून आले.’ ही सगळी फाइल माझ्या कपाटात आहे. बायको तिला माझी दुसरी बायको म्हणते.

तर मी अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात असताना कन्या येऊन म्हणाली, “बाबा, तो अर्ज देऊ नकोस.”

“का? अन्याय झालाय!”

“तू आधी यूना किम बघ. मग लिही.”

मी यूना किम बघितली. एका रात्रीत नाही, चांगल्या पंधरा रात्री. बायकोला वाटलं, मोबाइलवर शेअरबाजार बघतोय.

किम हे आडनाव. कोरियात आपल्या मतदारयादीसारखं आडनाव आधी लावतात, म्हणून तिकडे ती किम यूना. जन्म ५ सप्टेंबर १९९०चा, बुचॉन गावचा. पाच-सहा वर्षांची असताना घरच्यांबरोबर बर्फाच्या रिंकवर हौसेनं गेली आणि तिथंच रमली. त्या काळी कोरियात फिगर स्केटिंगसाठी म्हणून वेगळं रिंक नव्हतं. दिवसभर लोक मौजेखातर घसरायचे आणि ते घरी गेले की रात्री उशिरा ही पोर सरावाला उतरायची. आई बरोबर. गाडी चालवणारी आई, बर्फाच्या कडेला कुडकुडत उभी राहणारी आई आणि उडी चुकली की नेमकं काय चुकलं ते सांगणारी आई. आमच्या कन्येच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून भाजी निवडणारी एक बाई मला ठाऊक आहे, त्यामुळे हा भाग समजायला जड गेलं नाही.

आणि जणू नशिबानं मुद्दाम मांडणी केल्यासारखी एक दुसरी मुलगी, माओ असादा. जपानची. जन्म २५ सप्टेंबर १९९०. म्हणजे वीस दिवसांचं अंतर! २००५ साली कुमारांच्या जागतिक स्पर्धेत माओ पहिली, यूना दुसरी. २००६ साली ल्युब्लियानाला यूना पहिली, माओ दुसरी. पुढं आठेक वर्षं हे असंच चाललं. दोन देशांनी मिळून या दोन मुलींना किती घाम फोडला असेल, तोही बर्फावर, याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही.

त्यातून यूनाचे बूट. बूट पायात नीट बसेनात, म्हणून २००६च्या सुमारास ही मुलगी खेळच सोडायला निघाली होती. मग पाठदुखी. २००७ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या दिवशी ७१.९५ गुणांचा जागतिक विक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी दोनदा पडली. तरी तिसरी! पुढच्या वर्षी कमरेचं दुखणं, तरी पुन्हा तिसरी. आमच्या शाखेत कंबर दुखली की माणूस वैद्यकीय रजा टाकतो आणि साडूच्या लग्नात नाचताना सापडतो.

या सगळ्या काळात ती कॅनडात, टोरंटोला, ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकत होती. हे ऑर्सर म्हणजे माझं दैवत झाले आहेत. हा गृहस्थ स्वतः ऑलिंपिकमध्ये दोनदा दुसरा आला. १९८४ साली आणि पुन्हा १९८८ साली, स्वतःच्या देशात, कॅल्गरीला. दुसऱ्या वेळी सुवर्णपदक गेलं ते फक्त दशांश एक गुणानं! मी एका गुणानं राहिलो तर माझी फाइल एवढी जाड. या माणसाच्या फाइलीला खोली पुरली नसती. त्यानं काय केलं, तर मुलांना शिकवायला घेतलं.

आता गुण कसे देतात ते सांगतो, कारण इथं मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. मला वाटत होतं, नाच बघून पंच मान डोलवत असतील आणि बरा वाटला तर नऊ, फार बरा वाटला तर दहा. छे! हे तर आमचं डे-बुक! प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली मूळ किंमत. यूनाची हातखंडा जोडी म्हणजे ट्रिपल लुट्झला लगेच जोडलेली ट्रिपल टो लूप. सोचीच्या वेळी तिची मूळ किंमत होती १०.१०. मग नऊ पंच त्यावर आपापला शेरा मारणार, तेव्हाच्या पद्धतीनं उणे तीन ते अधिक तीन. त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून टाकायचा, उरलेल्या सातांची सरासरी घ्यायची. पडलं की एक गुण वजा. शिवाय तेव्हा चाल, सफाई, संगीताची जाण अशा पाच गोष्टींना दहापैकी गुण असत, तेही पाव-पावच्या पटीत, आणि त्या बेरजेला महिलांच्या मोठ्या कार्यक्रमात १.६नं गुणत. शेवटी सगळं दशांश चिन्हानंतर दोन घरं. रुपये आणि पैसेच म्हणा ना! आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कॅशियर घरी जात नाही. तिथं मुलगी धापा टाकत बाकावर बसते आणि हिशेब जुळायची वाट बघते. एवढाच फरक.

२००९ साली लॉस एंजेलिसला यूनाची रोकड पहिल्यांदा दोनशेच्या वर गेली, २०७.७१. दोनशे ओलांडणारी ती पहिली बाई, आणि जगज्जेतीही.

मग व्हँकुव्हर, फेब्रुवारी २०१०. हा आठवडा मला पक्का आठवतो आणि त्यात यूना कुठंच आठवत नाही, याची आता लाज वाटते. २४ तारखेला ग्वाल्हेरला सचिननं नाबाद दोनशे केले. आमच्या शाखेत त्या दिवशी कुणाचीच रोकड वेळेत जुळली नाही. २६ला अर्थसंकल्प. त्याच २६च्या सकाळी, आमचे दोनशेचे पेढे अजून संपायचे होते, तेव्हा तिकडे एकोणीस वर्षांच्या मुलीनं ७८.५० आणि १५०.०६ मिळून २२८.५६ गुण केले होते. दुसरी माओ, २०५.५०. मधे तेवीस गुणांचं अंतर. हे बघताना मला खरं नवल वाटलं ते शेवटच्या क्षणाचं. संगीत थांबलं आणि इतकी वर्षं दगडासारखी शांत राहिलेली ती मुलगी रडायला लागली. का रडतेय ते तिलाही कळलं नसावं. कोरियाला फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिकचं पदक तोवर कधी मिळालेलंच नव्हतं. अख्खा देश एकोणीस वर्षांच्या खांद्यावर बसला होता. तो खाली उतरला की रडू येणारच.

त्यानंतर तिनं घरी बसायला हरकत नव्हती. पुढच्या दोन्ही जागतिक स्पर्धांत दुसरी आली, मग विश्रांती घेतली, आणि २०१३ साली परत येऊन कॅनडातल्या लंडनला २१८.३१ गुणांनी पुन्हा जगज्जेती झाली. त्या विजयामुळे सोची ऑलिंपिकला कोरियाच्या एकाऐवजी तीन मुलींना जायला मिळालं. म्हणजे दोन धाकट्या मुलींची तिकिटं हिनं काढली.

आणि आता सोची, फेब्रुवारी २०१४. कन्येनं मला जिथं आणायचं होतं ते ठिकाण.

पहिल्या दिवशी यूना ७४.९२, रशियाची सोत्निकोव्हा ७४.६४. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत शेवटी यूना. संगीत ‘आदिओस नोनिनो’, पियाझ्झोला या संगीतकारानं आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर रचलेला टँगो. दोन्ही दिवशी यूना कुठंही पडली नाही, अडखळली नाही, हात टेकला नाही. सोत्निकोव्हाचे एका जोडउडीत उतरताना दोन्ही पाय टेकले. निकाल : सोत्निकोव्हा २२४.५९, यूना २१९.११. फरक ५.४८.

मी ताडकन उठलो. हे बघून कुठला कारकून स्वस्थ बसेल? गुणांचा तक्ता मिळवला, वहीत उतरवला, कॅल्क्युलेटर घेतला. हेडकॅशियरांनाही शनिवारी घरी बोलावलं. कांदाभजी खात आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी बेरजा केल्या. सोत्निकोव्हा : तांत्रिक ७५.५४, कलेचे ७४.४१, जुळलं. यूना : तांत्रिक ६९.६९, कलेचे ७४.५०, जुळलं. सोत्निकोव्हाच्या तीन-तीन फेऱ्यांच्या उड्या सात, यूनाच्या सहा. ती मुलगीही काही वाईट खेळली नव्हती. पंचांनी तिच्या प्रत्येक गोष्टीला किती उदारपणे द्यावं, हा प्रश्न निराळा. हेडकॅशियरांनी चष्मा काढला, भजं तोंडात टाकलं आणि म्हणाले, “साहेब, बेरीज बरोबर आहे.”

हे वाक्य मी आठव्यांदा ऐकत होतो.

तिकडे माझ्यासारखी माणसं थोडी नव्हती. इंटरनेटवर चौकशीच्या मागणीसाठी लाखोंनी सह्या केल्या. कोरियानं रीतसर तक्रार केली, ती फेटाळली गेली. कुठल्या पंचानं किती गुण दिले हे त्या वेळी गुप्त असे. २०१६ साली ती गुप्तता उठवली. म्हणजे ज्यांनी आरडाओरडा केला त्यांचं सगळंच चुकलं, असं मला म्हणवत नाही. अर्ज लिहिणाऱ्यांचीही जगाला गरज असते. हे मी स्वार्थापोटी म्हणतोय, पण खरं आहे.

पण यूना? निकाल लागल्यावर ती काय करते ते मी पाच-सहा वेळा मागं नेऊन बघितलं. ती हसते. दुसऱ्या पायरीवर उभी राहते. पत्रकार पुन्हापुन्हा तेच विचारतात आणि ती पुन्हापुन्हा याच अर्थाचं सांगते, की मला जे करायचं होतं ते मी केलं, आता संपलं याचं बरं वाटतंय. आणि निवृत्त होते. चार वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०१८ला, प्याँगचांगला ऑलिंपिकची ज्योत पेटवायला अगदी उंचावर एवढंसं बर्फाचं आंगण केलं होतं. त्यावर पांढऱ्या कपड्यांत ती चार वळणं घेते आणि ज्योत पेटवते. त्या वेळी गुण द्यायला कुणी नव्हतं.

“बघितलंस?” कन्येनं विचारलं.

“बघितलं. पण तुला राग नाही आला? ती मुलगी हात टेकली होती.”

“आला ना. पण बाबा, माझी दुसरी गिरकी पण नीट झाली नव्हती. ते तू अर्जात लिहिलं नाहीस.”

मी अर्ज पुन्हा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं.

अर्ज मी फाडला नाही. बँकेतला माणूस कागद फाडत नाही. त्याच्या कोपऱ्यात ‘कार्यवाही नको’ असा शेरा मारला, सही केली, तारीख घातली. कन्येनं खाली तिचीही सही ठोकली, प्रतिस्वाक्षरी म्हणून. माझ्या स्वतःच्या फाइलीवर तसा शेरा मारायला अजून हात होत नाही. पण गेल्या रविवारी ती कपाटातून माळ्यावर गेली. कपाटातली ती जागा स्केट्सना पाहिजे होती. नवे घेतलेत. जुने पायाला चावत होते.