लाइट गावाची गेली, ट्यूबची नाही

आमच्या माजलगावच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आहे. दांड्याला जाड वायर सोल्डर केलेली, वायरच्या टोकाला चिमटा. अण्णांनी त्यानं आयुष्यात एकही स्क्रू फिरवला नाही.

अण्णा टीव्ही मेकॅनिक. मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात एका व्हिडिओ सेंटरवाल्यानं मुंबईहून जुना, तीन गनचा प्रोजेक्टर आणला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तसला पाहिला नसेल. ट्रंकेएवढं धूड, पुढं तीन भिंगं. प्रत्येक भिंगामागं एक पिक्चर ट्यूब: लाल, हिरवी, निळी. तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक नेमकी बसली की रंगीत सिनेमा.

आपल्या घरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला २५ हजारांच्या आसपास लागतात आणि ह्या प्रोजेक्टरच्या ट्यूबांना ३० हजारांच्या वर. ते व्होल्टेज फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर तयार करतो. तिथून निघालेल्या जाड तारा तिन्ही ट्यूबांच्या काचेवर, रबरी टोपीखाली जाऊन अडकतात. एवढं व्होल्टेज धूळ ओढून घेतं. आमच्याकडची कोरडी धूळ आणि कापसाची तूस मिळून त्या तारांवर गोधडीच झाली होती.

अण्णांनी सगळं उघडून साफ केलं आणि दुसऱ्या कामाला जाताना तारा परत बसवायचं माझ्यावर सोपवलं. मी जीव ओतून काम केलं. लोंबणाऱ्या सगळ्या तारा, जाड आणि बारीक, एकत्र घेतल्या, टाय आवळले, आणि तो जुडगा लोखंडी फ्रेमच्या कडेनं सरळ खाली नेला. एकदम कंपनी फिटिंग! अण्णा रात्री उशिरा आले, चालू करून बघितलं, चित्र आलं. झाकण उघडून बघायचं त्या रात्री राहून गेलं. ती चूक आपली होती, असं ते पुढं कायम म्हणायचे.

मृगाचा पहिला पाऊस झाला. संध्याकाळच्या खेळाला निरोप आला, म्हणून आम्ही दोघं गेलो. प्रोजेक्टरमधून सर्रर्र असा बारीक आवाज येत होता. वीज कडाडल्यावर हवेला येतो तसला तिखट वास. पडद्यावर हिरवा रंग थरथरत होता. अण्णा बटणाकडं वळले, तेवढ्यात लोडशेडिंग. अंधार, शिट्ट्या, आरडाओरडा. मला वाटलं, बरंच झालं, आता धोका नाही. मी झाकण उचललं आणि हात आत घातला.

अण्णांनी मनगट एवढं जोरात धरलं की चार दिवस वळ होता.

"लाइट गावाची गेली लेका, ट्यूबची न्हाई."

त्यांनी टॉर्च माझ्याकडं दिली. ड्रायव्हरचा चिमटा आधी ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या पट्टीला लावला, डावा हात पाठीमागं घेतला आणि टोक रबरी टोपीखाली सरकवलं. टक्! निळी ठिणगी. ट्यूबची काच भार साठवून ठेवते, सेट बंद झाल्यावरही. काही सेटमध्ये तो आपोआप उतरायची सोय असते, पण तिच्यावर विसंबायचं नाही. तिन्ही ट्यूबा मोकळ्या केल्या. थोडं थांबून पुन्हा एकदा, कारण उरलासुरला भार परत वर येतो.

मग त्यांनी पक्कडीनं माझे टाय कापले. फ्रेमच्या धारेपाशी जाड तारेच्या रबराला टाचणीएवढं भोक होतं आणि त्याभोवती काळी रेघ.

सेंटरवाला म्हणाला, "अण्णा, टेप लावा की. लोक बसलेत." अण्णांनी नाही म्हटलं. साधा टेप एवढ्या व्होल्टेजसाठी नसतो आणि ही तार जोडायची नसते, बदलायची असते. खेळ रद्द झाला, तिकिटाचे पैसे परत गेले, आणि आमची मजुरीही. औरंगाबादहून नवी तार आणायचा खर्च अण्णांनीच केला.

ती तार त्यांनी माझ्याच हातानं बसवून घेतली. लोखंडी धारेपासून लांब. बारीक तारांच्या जुडग्यात नाही. गरम होणाऱ्या रेझिस्टरपासून दूर. कुठंही काटकोनात मुडपायची नाही, गोलाई द्यायची. ताणायची नाही, पण लोंबून कशाला टेकेल एवढी सैलही सोडायची नाही. आधार प्लॅस्टिकच्या क्लिपचाच. टोपीखालचे दोन्ही आकडे अडकले का ते बघायचं, टोपी कोरडी, स्वच्छ.

"बाकीच्या तारांना शेजार चालतो. हिला न्हाई चालत," अण्णा म्हणाले.

सेंटरवाल्यानं आत डोकावून तोंड वाकडं केलं. "पहिलं काम बरं दिसत होतं."

"दिसत होतं," अण्णा म्हणाले.

आता मी सोलर बसवतो. छतावरच्या डीसी तारांत सहाशे ते हजार व्होल्ट असतात आणि ऊन आहे तोवर पॅनल वीज देतच राहतं. परवा नवा पोरगा "दादा, स्विच पाडलाय" म्हणत उघड्या टोकाकडं हात नेत होता. मी त्याचं मनगट धरलं. नंतर बघितलं, त्यालाही वळ उठला होता.